सह्या घेण्याआधी कुंपणवाल्याच्या घरी जा

वाचकाचं पत्र

"ताई, नमस्कार. आमचा कोल्हापुरातला नऊ जणांचा ग्रुप आहे. कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत, कुणी बँकेत, एकाचा दवाखाना आहे. ट्रेक करता करता गुहांचा नाद लागला आणि गेली सहा वर्षं शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडच्या सड्यांखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांखालच्या, गुहा आम्ही शोधतोय, टेप लावून मोजतोय, कच्चे नकाशे काढतोय. सगळ्यात लांब मिळाली ती ६२ मीटरची. गेल्या डिसेंबरात तिच्या तोंडाशी शेतमालकानं काटेरी तार ओढली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गुहेवरून वनरक्षकानं आम्हाला परत फिरवलं. कारण विचारलं तर 'वरून आदेश आहे' एवढंच. आमच्यातल्या एकानं इंग्लंडच्या केव्हिंगवाल्यांबद्दल, म्हणजे हौसेनं गुहा धुंडाळणाऱ्यांबद्दल, वाचलंय. तिथं मोकळ्या रानात फिरायचा कायदेशीर हक्क आहे आणि तो गुहांनाही लागू व्हावा म्हणून त्यांच्या संघटनेनं मोहीम चालवली. तो म्हणतो, आपणही सह्या गोळा करू, आमदारांना निवेदन देऊ, गुहा सर्वांना कायद्यानं खुल्या झाल्या पाहिजेत. दुसरी मैत्रीण म्हणते, असलं काही केलंत तर मी ग्रुप सोडते, गुहा गाजली की संपली. ग्रुप मी सुरू केला म्हणून दोघंही माझ्याकडे बघतात. मला दोघांचंही पटतं. काय करू?"

मधल्यामध्ये अडकलेला, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

मत आधी सांगते. मोहीम काढा, जरूर काढा. पण 'गुहा सर्वांना कायद्यानं खुल्या करा' हे वाक्य तुमच्या निवेदनात येऊ देऊ नका. आंदोलन कसं करायचं हे कोल्हापूरकरांना शिकवावं लागत नाही. टोल घालवला. उच्च न्यायालयाच्या बेंचची मागणी चार दशकं लावून धरली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालंच. म्हणून तर मला काळजी वाटते. तुम्ही मनावर घेतलंत तर ही मागणी कुठवर तरी नक्की पोचेल, आणि एकदा पोचलेली मागणी परत घेता येत नाही.

माझं हे मत एका जुन्या चुकीतून तयार झालंय. ती चूक आधी ऐका.

कॉलेजात होते. मे महिन्याचा शेवट होता. भुदरगड तालुक्यात एका सड्याखालच्या घळीत आम्ही सहा जण शिरलो. बरोबर गॅसबत्ती होती, आरोळ्या मारून प्रतिध्वनी ऐकायचा उत्साह होता. शेवटच्या दालनात छत काळं दिसत होतं. बत्ती वर केली आणि ते छत सुटलं. शेकडो वटवाघळं अंगावरून, तोंडावरून बाहेर पडली. आम्ही खाली बसलो, हसलोसुद्धा. मग पायाशी काहीतरी हललं. विष्ठेच्या थरावर बोटभर लांबीची गुलाबी पिल्लं पडली होती. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. चार दिसली, मग बत्ती फिरवली तर सगळीकडे. छत पंधरा फुटांवर. परत वर लावायची कशी?

आम्हाला वाट दाखवायला आलेले धनगरवाड्यावरचे आजोबा बाहेर थांबले होते. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं नाही काय झालं ते. एवढंच म्हणाले, "रोहिणी निघाल्यापास्नं बेंदूर होईस्तवर आमी आत पाय टाकत न्हाई. पोरं असत्यात त्यांची." रोहिणी नक्षत्र मेअखेरीस लागतं, बेंदूर हा पावसाळ्यातला बैलांचा सण. मग सांगितलं का नाहीत, असं आमच्यातला एक जण बोलून गेला. ते म्हणाले, "शिकलेली मानसं तुमी. म्हायती आसंल वाटलं."

पुढे वाचलं तेव्हा कळलं की वटवाघळांच्या बऱ्याच जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. उंदरासारखी त्यांची संख्या भरून येत नाही. एका दुपारी आम्ही तिथली एक पिढी खाली पाडली होती. त्या गुहेला कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, वनरक्षक नव्हता. ती पूर्ण खुली होती. नियम मात्र होता, आणि तो एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी होता. आम्ही त्यांना वाट विचारली होती, आणखी काहीच विचारलं नव्हतं.

आता तुमच्या मित्रानं वाचलेल्या इंग्लंडकडे येऊ. त्यानं वाचलंय ते खरं आहे, फक्त त्याच्या मागचं-पुढचं सुटलंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० साली एक कायदा झाला. त्यानं डोंगर, माळ, पठारं आणि नोंदलेल्या सामायिक जमिनी यांवर पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिला. तो सहज मिळाला नाही. १९३२च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो लोक, बरेचसे आसपासच्या औद्योगिक शहरांतले कामगार, मालकांचा मज्जाव झुगारून चढले होते आणि त्यातले काही तुरुंगात गेले. तिथून कायद्यापर्यंत यायला अडुसष्ट वर्षं लागली. कायदा झाल्यावर गुहावाल्यांपुढे नवीच अडचण उभी राहिली. फिरायचं ते 'उघड्या हवेतल्या विरंगुळ्या'साठी, असे शब्द कायद्यात आहेत. मग गुहेच्या पोटातली हवा उघडी म्हणायची का? सरकारी यंत्रणा म्हणाली, नाही. म्हणजे गुहेच्या तोंडापर्यंत हक्कानं चालत जा आणि तिथं परवानगी मागा. यावर ब्रिटिश केव्हिंग असोसिएशननं २०१४ मध्ये सदस्यांचं मतदान घेतलं. बहुमत मोहिमेच्या बाजूनं पडलं, पण विरोधातही बरीच मतं पडली. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये पडलेली फूट तिथंही होतीच. शेजारच्या स्कॉटलंडनं मात्र २००३च्या कायद्यातच लिहून टाकलं की हा हक्क जमिनीवर, जमिनीच्या वर आणि जमिनीखालीही आहे.

यात आपल्या कामाचं काय? त्यांचं घर बांधून झालंय, भांडण तळघराच्या किल्लीवरून आहे. आपल्याकडे अजून जोतंच घातलेलं नाही. परक्याच्या रानातून, वनखात्याच्या हद्दीतून केवळ फिरण्यासाठी जायचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात कुठंच नाही. जमिनीवरचा हक्क नसताना जमिनीखालचा मागणं म्हणजे विटा आणायच्या आधी कळसाची वर्गणी काढणं.

पण त्या ब्रिटिश कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि ते तुमच्या मित्रानं नीट वाचावं असं मला फार वाटतं. या हक्कानं आलेला माणूस कड्यावरून, दगडावरून, अशा निसर्गातल्याच एखाद्या गोष्टीमुळे पडला-झडला, तर त्याची जबाबदारी जमीनमालकावर बरीचशी येत नाही. हक्क फिरणाऱ्याला मिळाला आणि त्याबरोबर मालकाच्या डोक्यावरचं ओझंही उतरवलं. हे मी परत काढणार आहे, लक्षात ठेवा.

आपल्याकडे गुहेचं दार कुणाच्या हातात आहे हे ती कुणाच्या जमिनीत उघडते त्यावर ठरतं. सातबारावर नाव असलेल्या माणसाच्या शेतात असेल तर त्याच्या. आणि जमिनीखालचं सगळं सरकारचं, अशी जी आपली समजूत असते तीही पूर्ण बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळच्या एका खटल्यात म्हटलंय की जमिनीच्या पोटातल्या खनिजाची मालकी सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबरच जाते. गुहा राखीव वनात असेल तर १९२७चा वन कायदा लागतो आणि विनापरवाना शिरणं हा गुन्हा ठरतो. अभयारण्यात असेल, म्हणजे आपल्या राधानगरीसारखं, तर १९७२चा वन्यजीव कायदा. त्याच्या कलम २७नं प्रवेशावर बंधन घातलंय आणि कलम २८नं परवान्याची वाट ठेवलीय. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन ही कारणं त्यात स्पष्ट लिहिली आहेत. तुमच्यासारख्या मोजमाप करणाऱ्या ग्रुपला हे कलम तोंडपाठ हवं.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गुहेत जाण्याचा कायदेशीर हक्क आपल्या देशात आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची गुहाही येते. आणि कलम १८ म्हणतं की संरक्षित स्मारकात जाण्याचा जनतेला हक्क आहे, नियमांच्या अधीन राहून. पण त्याच कायद्यात २०१०च्या दुरुस्तीनं स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण. जांभ्याच्या पोटात पाण्यानं केलेली तुमची ६२ मीटरची पोकळी या व्याख्येत बसत नाही. आणि बसवायचा प्रयत्न केलात, तर त्या शेतमालकाला स्वतःच्या रानात गोठासुद्धा बांधता येणार नाही.

सरकारदरबारी 'खुली गुहा' या शब्दांचा अर्थ काय होतो तेही बघा. आंध्रातली बेलम गुहा सव्वातीन किलोमीटर लांबीची. तिचा जवळपास निम्मा भाग २००२ पासून पर्यटकांना खुला आहे: पायवाटा, दिवे, हवा खेळती ठेवायची यंत्रणा, तिकीटखिडकी. बेलमला ते शोभतं, ती तेवढी मोठी आहे. आपल्या सड्याखालच्या वाकून जायच्या घळीत असं काही केलं तर आत शिल्लक काय राहणार? आमदारांच्या हातात निवेदन पडलं की ते पर्यटन विकास निधीचा विचार करणार. त्यांचा दोष नाही, त्यांच्या खात्यात तेवढाच रकाना आहे.

तुमच्या मैत्रिणीची भीती किती खरी आहे हे बघायचं तर लांब जायला नको. बेळगावच्या पुढे खानापूर तालुक्यातल्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथं राहणारं एक वटवाघूळ १९१३ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवलं आणि वनखात्यातल्या रॉटन या अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्यानंतर कित्येक दशकं जगाच्या पाठीवर या जातीची ज्ञात वसाहत ती एकच होती. पुढे कंबोडियात आणि मेघालयात नोंदी झाल्या, पण त्याही थोड्याच. एका गुहेच्या छतावर एका जातीचं अख्खं माहीत असलेलं अस्तित्व टांगलेलं होतं. आज हा भाग भीमगड अभयारण्यात येतो, ते जाहीर झालं २०११ साली. मधली जवळजवळ शंभर वर्षं ती वसाहत टिकली, कारण तिथं पोचणं अवघड होतं. समजा त्या काळात कुणी ती कायद्यानं सर्वांना खुली केली असती, तर?

आजऱ्यावरून आंबोलीला जाताना हिरण्यकेशीला तुम्ही हजारदा थांबला असाल. गुहेतून येणारं पाणी, पुढे देवळाचं कुंड. त्या कुंडातल्या छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि त्याला नदीचंच नाव मिळालं. लगेच २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. तिथं दर्शन बंद झालेलं नाही. भाविक येतात, कुंडापाशी बसतात, हात जोडतात. आळत्याच्या रामलिंगलाही तसंच. आपल्या मुलखातल्या देवाच्या गुहा पिढ्यान्‌पिढ्या खुल्या आहेत आणि तरी शाबूत आहेत. तिथं चपला कुठं काढायच्या, कुठवर जायचं, पाण्यात काय टाकायचं नाही, हे सांगणारं माणूस दारात असतं. अशा माणसाशिवायच्या खुलेपणाचा अनुभव मला भुदरगडात आला.

अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती थेट तुमच्या बुटांशी संबंधित आहे. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. त्यानंतर लाखो वटवाघळं मेली. ही बुरशी युरोपातून माणसांबरोबर आली असावी असं शास्त्रज्ञांचं मत आहे, आणि एका गुहेतून दुसऱ्या गुहेत ती कपड्या-बुटांवरूनही जाऊ शकते. थंड हवेतली ती बुरशी आहे, आपल्याकडच्या उबेत तिचं भय नाही. पण एका गुहेचा चिखल दुसरीत न्यायचा नाही ही सवय आपणही लावून घ्यावी. उलट दिशेचा धोकाही आहे. विष्ठेच्या कोरड्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो. आणि महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह या प्राणघातक विषाणूची प्रतिद्रव्यं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा, सापडली होती. नमुने २०२०चे, अहवाल २०२१चा. घाबरून वटवाघळं मारायची गरज नाही, त्यांच्या बऱ्याच जाती आपल्या पिकांवरचे किडे खातात. पण रविवारी सहकुटुंब जायची ही जागा नाही, एवढं त्यावरून समजावं.

इथवर वाचून तुमचा मित्र म्हणेल, ताईंनी निकाल मैत्रिणीच्या बाजूनं दिला. तसं नाही. एका बाबतीत तो तिच्यापेक्षा जास्त बरोबर आहे, आणि ती बाब मोठी आहे.

आपला बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून मेघालयातल्यासारख्या मैलोगणती चुनखडीच्या गुहा सह्याद्रीत नाहीत. आपल्याकडे सड्यावर जांभ्याची कडक टोपी असते आणि तिच्याखाली मऊ माती. पावसाचं पाणी फटींतून उतरतं, मऊ भाग धुऊन नेतं आणि टोपीखाली पोकळी राहते. तेच पाणी खाली कुठंतरी झरा होऊन निघतं. आता ज्या झिजेतून जांभा तयार होतो त्याच झिजेतून बॉक्साइटही तयार होतं. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी चालल्या आहेत. खाण म्हणजे काय, तर ती टोपी उचलायची. टोपी गेली की खालची गुहा, गुहेतलं पाणी, पाण्यावरचा झरा, सगळं जातं. आणि जी गुहा कुठल्याही कागदावर नाही तिच्यासाठी जनसुनावणीत हरकत कोण घेणार? 'इथं गुहा होती' असं नंतर सांगून उपयोग नसतो. गुपित ठेवलेली गुहा गर्दीपासून वाचते, जेसीबीपासून वाचत नाही.

मेघालयात हे घडून गेलंय. तिथं १९९२ पासून स्थानिक आणि परदेशी केव्हिंग करणारे मिळून गुहा मोजतायत. क्रेम लियात प्रा तीस किलोमीटरहून लांब, क्रेम पुरी ही वालुकाश्मातली साडेचोवीस किलोमीटरची. चुनखडीच्या खाणी त्या डोंगरांना भिडल्या तेव्हा आवाज उठवणाऱ्यांत हे मोजणारे लोक होते, कारण दाखवायला नकाशे त्यांच्याकडेच होते. आणि त्यांना आत जायला कुठल्या खुल्या प्रवेशाच्या कायद्याची वाट बघावी लागली नाही. तिथली जमीन बहुतांशी घराण्यांची आणि गावांची. गावच्या प्रमुखाला भेटायचं, काय करणार ते सांगायचं, गावातली माणसं बरोबर घ्यायची, मग आत.

थायलंडमधली २०१८ची गोष्टही मित्राच्या बाजूची आहे. पुरानं वेढलेल्या गुहेत अडकलेल्या बारा मुलांपर्यंत आणि त्यांच्या प्रशिक्षकापर्यंत पहिल्यांदा पोचले ते हौसेनं गुहांत पोहणारे दोन ब्रिटिश. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे अभियंते होते. गुहेत जाणारी माणसंच एखाद्या मुलखात नसतील तर संकटात आत कुणाला पाठवणार? तुमचा छंद समाजाच्या उपयोगाचा आहे, हे निवेदनात मान ताठ ठेवून लिहा.

मग मागायचं काय?

वनखात्याकडे अशी पद्धत मागा की अर्ज केला तर ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळेल, आणि नकार असेल तर कारणासह. आज तुम्हाला खुपतंय ते बंद दार कमी आणि 'वरून आदेश आहे' हे उत्तर जास्त, असं पत्रावरून मला जाणवलं. त्याचा इलाज आजही आहे. माहिती अधिकारात साधा अर्ज टाका: अमुक वनक्षेत्रातल्या गुहांत प्रवेशबंदीचा आदेश कोणत्या तारखेचा, कुणाच्या सहीचा, त्याची प्रत द्यावी. तीस दिवसांत कळेल. आदेश असेल तर त्यामागं बहुधा कारणही असेल आणि ते वटवाघळांचं असेल तर तुम्ही स्वतःहून मागं फिराल याची मला खात्री आहे. आदेशच नसेल, तर बोलणी वेगळ्या पायावर सुरू होतील. वनरक्षकावर मात्र राग धरू नका. मैलोन्‌मैल बीट एकटा फिरणारा माणूस आहे तो, आणि आत तुमचं काही बरंवाईट झालं तर पहिली नोटीस त्यालाच येते.

विणीच्या काळात गुहा बंद, हे तुम्हीच मागा. सरकारनं लादायच्या आधी केव्हिंग करणाऱ्यांनी मागितलं तर त्या मागणीला वेगळं वजन येतं. रोहिणी ते बेंदूर ही त्या आजोबांची मुदत मला आजही पटते. सगळ्या जातींना ती तंतोतंत लागू पडेलच असं नाही, म्हणून वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्यांना प्रत्येक गुहा दाखवून तारखा ठरवा. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जाऊन बसा, विचारा.

नोंदीची मागणी करा, पण ठिकाण उघड न करता. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमचा नकाशा, आत काय राहतं त्याची टिपणं गावाच्या संमतीनं त्या वहीत गेली पाहिजेत, म्हणजे खाणीचा प्रस्ताव येईल तेव्हा गावाच्या हातात कागद असेल. ठिकाणाचा नेमका बिंदू मात्र सार्वजनिक होता कामा नये. अमेरिकेनं १९८८च्या कायद्यात हीच सोय केलीय: सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं माहितीच्या कायद्याखालीही सहसा देत नाहीत. अशी तरतूद आपल्याकडे मागावी लागेल, आणि ती मागायला तुमच्या मित्राचा उत्साह आणि मैत्रिणीची काळजी दोन्ही एकाच कागदावर सही करू शकतात. जिथं सामूहिक वनहक्क मंजूर आहेत तिथं तर ग्रामसभेलाच २००६च्या कायद्यानं जंगल राखायचे अधिकार आहेत. तिथं आमदारांच्या आधी ग्रामसभा.

आणि ते इंग्लंडमधलं कलम. स्वतःच्या जबाबदारीवर गुहेत उतरलेल्या माणसाच्या अपघाताचं खापर जमीनमालकावर फुटणार नाही, अशी स्पष्ट तरतूद मागा. माझ्या मते तुमच्या मोहिमेतली सगळ्यात महत्त्वाची मागणी ही असावी. शेतमालकाला कायद्यानं दार उघडायला लावण्यापेक्षा, दार उघडलं तर आपण गोत्यात येणार नाही याची खात्री त्याला दिली, तर बरीच दारं आपोआप उघडतील.

तुमच्या ग्रुपपुरतं काही सांगते. रील्सवर गुहेचं तोंड दिसेल असं काही टाकू नका, गावाचं नाव तर नकोच. आत चौघांच्या वर नको. तोंडाशी आग्यामोहळ आहे का ते लांबूनच बघा. कोंदट, खाली उतरत्या पोकळीत दम लागायला लागला किंवा डोकं जड झालं तर 'आणखी थोडं' म्हणू नका, तसेच मागं फिरा. विहिरीत उतरून गुदमरलेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो, गुहेतली हवाही तशीच असू शकते.

आता त्या काटेरी तारेकडे येते. त्यानं ती का ओढली असेल? मला चार-पाच कारणं सुचतात. तुमच्यानंतर आणखी कुणी आलं असेल आणि बाटल्या फोडून गेलं असेल. म्हशीच्या खुरात काच गेली असेल. कुणीतरी त्याला म्हटलं असेल की आत कोण मेलं तर पोलीस तुझ्या दारात येतील. खालचा झरा गढूळ आला असेल. किंवा, आणि हे मला सगळ्यात जास्त शक्य वाटतं, टेप घेऊन मोजणारी शहरातली माणसं बघून तो घाबरला असेल. पश्चिम घाटातल्या या गावांनी घाटाच्या संरक्षणासाठीचा २०११चा गाडगीळ अहवाल, २०१३चा कस्तुरीरंगन अहवाल आणि त्यानंतर पुनःपुन्हा निघालेल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना पाहिल्यात. त्यातलं खरं किती, अफवा किती, हे गावापर्यंत कुणी नीट पोचवलंच नाही. त्यामुळे रानात कुणी मोजमाप करताना दिसलं की आपली जमीन जाणार, एवढंच तिथं समजलं जातं. तुम्ही सहा वर्षं त्याच्या शेतातून जाताय. तुम्ही कोण, काय मोजता, तो नकाशा कुणाला देता, हे त्याला कधी सांगितलंय का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुहेची लांबी तुम्ही मीटरमध्ये लिहिली आहे. इंग्लंडच्या संघटनेची मोहीम लिहिली आहे. त्या शेतमालकाचं नाव पत्रात कुठंच नाही. कदाचित खासगी म्हणून गाळलं असेल. पण तुम्हाला ते माहीतच नसेल, तर मोहिमेचं पहिलं काम तेच आहे.

येत्या रविवारी दोर, हेल्मेट, टेप सगळं घरी ठेवा. तुम्ही, तो मित्र आणि ती मैत्रीण, तिघंच जा. गुहेकडे न जाता थेट घराकडे जा. काढलेला नकाशा बरोबर घ्या आणि त्याच्यापुढे पसरा, कारण त्याच्या जमिनीखाली काय आहे हे त्यानं कदाचित कधीच पाहिलेलं नाही. झरा कुठून येतो ते त्या कागदावर दाखवता आलं तर दाखवा. तार काढा असं म्हणू नका. वटवाघळांना पिल्लं कधी होतात, तेवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि सांगतील ते लिहून घ्या. नकाशाची एक प्रत तिथंच ठेवून या.

मग मला परत लिहा. सह्यांच्या कागदाचा मसुदा आपण त्यानंतर करू.